कदमकाकांची फक्की

आमच्या शेजारी राहायला आलेल्या कदमकाकांनी पहिल्याच आठवड्यात माझ्या कचऱ्याच्या डब्यांना नोटीस दिली. तोंडी. मंगळवारी सकाळी मी डबे रस्त्याच्या कडेला लावून ऑफिसला निघालो होतो, तर हे गृहस्थ पांढरा लेंगा, वर मुलाची हूडी आणि कानाला मफलर अशा थाटात डब्यांसमोर उभे. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. डब्यांनाच म्हणाले, "आत घ्या!"

मग माझ्याकडे वळून, "तुमचे का, शेठ? फूटभर बाहेर आहेत. आज सांगून जातो. पुढच्या वेळी उचलणार."

"उचलणारच आहेत काका. कचऱ्याची गाडी येतेय."

त्यांना यात काही गंमत वाटली नाही. खिशातून प्लॅस्टिकची पिशवी काढली, वाकले, आणि चिमटीतून पांढरी पूड सोडत त्यांनी डब्यांच्या पुढ्यात एक रेघ मारली. सुताने ओढल्यासारखी सरळ. "या रेघेच्या आत. आणि फक्की पुसायची नाही."

फक्की म्हणजे चुन्याची पूड. मैदानावर, बाजाराच्या जागेवर आखणी करायला वापरतात ती. इथे न्यू जर्सीत चुना कुठे मिळतो हे काकांना तोवर कळलेलं नव्हतं, म्हणून त्यांनी सुनेच्या डब्यातलं तांदळाचं पीठ आणलं होतं. संध्याकाळी मी परत येतो तो काका पुन्हा तिथेच, कमरेवर हात ठेवून. रेघ गायब. झाडावर दोन खारी समाधानाने बसलेल्या.

"बघा," काका म्हणाले. "अतिक्रमण तर अतिक्रमण, वर हद्दच खाऊन टाकली. आमच्याकडच्या व्यापाऱ्यांनीसुद्धा हे कधी केलं नव्हतं हो."

काका म्हणजे शेजारच्या अभिजितचे वडील. नोकरीभर एका नगरपालिकेत बाजार निरीक्षक होते. भाजीवाल्या, हातगाडीवाले, पथारी पसरणारे, दुकानाबाहेर पोती मांडणारे, या सगळ्यांना रेघेच्या आत ठेवणं हे त्यांचं काम. बाजाराच्या दिवशी पहाटे फक्कीने जागा आखायच्या, भुईभाड्याच्या पावत्या फाडायच्या, ऐकलं नाही तर माल उचलून ट्रकमध्ये टाकायचा. काकू गेल्या आणि अभिजितने त्यांना बोलावून घेतलं. व्हिजिटर व्हिसावर, सहा महिन्यांसाठी. "माझी तात्पुरती पावती आहे," काका सांगायचे. "मुदत संपली की पथारी उचलायची."

प्रत्येक पुरुषाला ते शेठ म्हणत आणि प्रत्येक बाईला ताई. टपाल टाकणारा तो टपालशेठ. आणि "आत घ्या" हे त्यांचं सर्व प्रसंगांसाठीचं वाक्य. कुणाच्या गाडीचं नाक फुटपाथवर आलं, आत घ्या. हॅलोविनसाठी समोरच्यांनी लॉनवर सांगाडा बसवला, त्याचे पाय बाहेर, आत घ्या. एकदा मी शर्ट न खोचता गप्पा मारत उभा होतो. काकांनी माझ्या पोटाकडे नजर टाकली आणि अगदी हळू, खासगीत म्हणाले, "शेठ, आत घ्या."

पण काका खूश नव्हते. त्यांना अमेरिका उदास वाटायची, आणि कारण त्यांनी मला स्पष्ट सांगितलं. "कुणी बाहेरच येत नाही हो. सगळे आपापल्या रेघेत. मग खातं चालतं कसं?"

पुढच्या गल्लीत दोन मुलींनी टेबल टाकून लिंबाचं सरबत विकायला ठेवलं, तेव्हा काका धावतच गेले. "लायसन?" मुली एकमेकींकडे बघायला लागल्या. एकीने विचारलं, "डू यू वाँट आइस?" काकांनी पेला घेतला नाही. नोकरीत असताना बाजारातला चहासुद्धा ते कधी प्यायले नव्हते. खाल्लं की आवाज बसतो, म्हणायचे. पण ते तिथून हललेही नाहीत. टेबल फुटपाथच्या आत घ्यायला लावलं आणि मग स्वतःच रस्त्यात उभे राहून येणाऱ्या गाड्यांना हात करायला लागले. लोक घाबरून थांबायचे आणि थांबलोच आहोत तर म्हणून सरबत घ्यायचे. मुलींचं पिंप रिकामं झालं. "बंदोबस्त महत्त्वाचा," काका म्हणाले.

त्यांना खरा आनंद झाला तो ओक ट्री रोडवर, आमच्याकडच्या देशी दुकानांच्या रस्त्यावर. मी त्यांना किराणा आणायला बरोबर नेलं होतं. एका दुकानाबाहेर नारळाचे, भेंडीचे, आंब्यांचे क्रेट पार फुटपाथच्या मध्यापर्यंत आलेले. काका थबकले. मफलर काढला. घसा खाकरला. आणि असा आवाज लावला की पलीकडच्या मिठाईवाल्याकडची माणसं बाहेर आली, "आत घ्या! ए, माल आत!"

क्रेट लावणारा तिथला माणूस पन्नाशीचा होता. त्याने वर बघितलंसुद्धा नाही. त्याचे हात आपोआप क्रेटला गेले आणि दोन क्रेट भराभर आत ओढून झाल्यावर तो मधेच थांबला. सावकाश मान वर केली. काका, मी, रस्ता, पलीकडे उभ्या टेस्ला.

"कुठले हो तुम्ही?" त्याने मराठीत विचारलं.

"बाजार विभाग," काका म्हणाले.

"आयला," तो म्हणाला आणि हसत सुटला. "उल्हासनगरला होती माझी गाडी. तीनदा उचलली तुमच्यासारख्यांनी." मग दोघं क्रेटवर बसून अर्धा तास बोलले. कुठे काय महाग होतं, कोण साहेब खमक्या होता. परतताना काका गाडीत लग्नघरातून आल्यासारखे दिसत होते.

मी त्या दिवशी फार बोललो नाही. मी मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावचा, आमच्याकडे बुधवारचा बाजार. आईच्या मागे पिशवी धरून मी त्या ओळींमधून चालायचो. गोणपाटावर मांडलेल्या मेथीच्या जुड्या, त्यांवर पाणी शिंपडणारे हात, तागडीचा आवाज, उन्हात तापलेल्या हळदीचा वास. आणि मधेच कुणीतरी ओरडायचं, "गाडी आली!" तशी सगळी ओळ गायब. मागे चार मिरच्या आणि एखादी चप्पल. माझ्या लहानपणीचा खलनायक म्हणजे नगरपालिकेचा तो माणूस. आणि आता मी त्याला पॅसेंजर सीटवर बसवून फिरवत होतो, आणि खरं सांगायचं तर मला त्याच्याशिवाय करमत नव्हतं. त्या बाजाराचा एवढाच तुकडा माझ्यापर्यंत पोचला होता.

म्हणूनच मी त्यांना आमच्या इथल्या गावच्या शनिवारच्या बाजारात नेलं.

आमच्या ट्रेन स्टेशनच्या पार्किंग लॉटमध्ये उन्हाळाभर दर शनिवारी बाजार भरतो. आठवडाभर तिथे न्यूयॉर्कला जाणाऱ्यांच्या गाड्या उभ्या असतात, शनिवारी तंबू. भाज्या, पाव, चीज, मध. आणि नियम. तंबूच्या प्रत्येक पायाला वजन बांधायचं. गरम पदार्थ गरमच आहे हे थर्मामीटरने दाखवायचं. हात धुवायला पाण्याची टाकी. आगीच्या बंबासाठी मधली वाट मोकळी. हे नियम वाचून काकांचा चेहरा उजळला. "तंबूला वजन! सुधारलेला देश आहे हो."

बाजाराची मॅनेजर लिंडा साठीची, शिट्टीसारख्या आवाजाची बाई. तिने काकांना स्वयंसेवकाचं नारिंगी जाकीट दिलं. काकांनी ते अंगात घातलं आणि मला वाटतं त्यानंतर आंघोळीपुरतंच काढलं. लॉटमध्ये गाड्यांसाठी रंगवलेल्या पट्ट्या होत्याच, पण काकांना त्या मान्य नव्हत्या. "ह्या गाड्यांच्या. माणसांच्या वेगळ्या लागतात." तोवर त्यांना बागेसाठी मिळणाऱ्या चुन्याचा शोध लागला होता. शनिवारी सकाळी लिंडा यायच्या आधी सगळी आखणी तयार. ती आधी वैतागली, मग तिच्या लक्षात आलं की शेतकऱ्यांची आपापसातली भांडणं बंद झालीत. मग तीच "मिस्टर कडॅम, लाइन प्लीज" म्हणायला लागली.

त्या सगळ्या बाजारात रेघ मोडणारा एकच माणूस होता. वॉल्टर. स्टेशनच्या जिन्याजवळच्या शेवटच्या जागेवर मध विकायचा. वाळका, उंच, भुऱ्या मिशा, बोलणं जवळजवळ नाहीच. त्याचं स्टूल पहिल्या दिवशी रेघेबाहेर होतं. काका गेले. "आत घ्या. यू, इनसाइड." वॉल्टरने रेघेकडे बघितलं, काकांकडे बघितलं, बुटाने रेघ पुसली आणि बुटानेच फूटभर पुढे नवी काढली.

काकांनी परत मारली. वॉल्टरने परत पुसली.

पुढच्या शनिवारी वॉल्टर आला, तंबू लावला, बाटल्या मांडल्या, आणि मग अगदी निवांत स्टूल उचलून रेघेबाहेर ठेवलं आणि काका कुठे आहेत ते बघत बसला. मी पलीकडून पाहत होतो. काका लांबून येताना दिसले तशी त्याची मिशी हलली. हे सगळा उन्हाळा चाललं. एका अक्षराची ओळख नाही, एकाला मराठी येत नाही, दुसऱ्याचं इंग्रजी चार शब्दांचं, पण दर शनिवारी नवं भांडण. "फार नाठाळ माणूस," काका घरी येऊन सांगायचे, आणि त्यांच्या आवाजात असा जिव्हाळा असायचा की सून म्हणाली, "बाबा, त्यांना एकदा जेवायला बोलवा ना." काकांनी वॉल्टरकडून मधाची बाटलीसुद्धा विकत घेतली. बाजारातली त्यांची पहिली खरेदी. उघडली नाही, टेबलावर ठेवली.

आता सुमेधाचं सांगायला हवं. सुमेधा माझी बायको. त्या वर्षी तिला बँकेतल्या आयटीच्या नोकरीतून काढलं. एका सकाळी मीटिंग, दुपारी लॅपटॉप बंद. पुन्हा इंटरव्ह्यू द्यायला ती तयार नव्हती. "मी थालीपीठ विकणार," ती म्हणाली. मला वाटलं रागात बोलतेय. पण तिने फूड सेफ्टीची परीक्षा दिली, चर्चचं किचन भाड्याने ठरवलं, तवा, बर्नर, पाण्याची टाकी, सगळं जमवलं. हेल्थ खात्याच्या अर्जात थालीपीठ हा प्रकार कुठल्या रकान्यात बसतो यावर दोन दिवस चर्चा झाली. काकांनी सुचवलं, "लिहा, भाकरीचा चुलत भाऊ."

अडचण जागेची होती. बाजारात जागा मिळाल्याशिवाय परवाना नाही आणि परवान्याशिवाय जागा पक्की नाही. "अगदी आपल्यासारखं!" काका आनंदाने म्हणाले. वेटिंग लिस्टवर सुमेधाचा पहिला नंबर होता. कुणी सलग तीन शनिवार आलं नाही तर त्याची जागा पुढच्याला, असा नियम. नाहीतर पुढच्या वर्षापर्यंत थांबायचं, आणि पुढच्या वर्षापर्यंत ही उभारी टिकणार नाही हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. ती रोज सकाळी भाजणी मळायची, थापायची, वेळ लावून बघायची आणि मग सगळी थालीपीठं आम्ही आणि काकाच खायचो.

आणि ऑगस्टमध्ये वॉल्टर यायचा बंद झाला.

शेजारच्या टोमॅटोवाल्याने सांगितलं, स्ट्रोक. सुमेधाने बर्नर पुसून ठेवला. वाईट वाटणं आणि शनिवार मोजणं एकाच वेळी करता येतं, हे मी माझ्याच घरात पाहिलं.

पहिल्या शनिवारी काकांनी वॉल्टरची जागा नेहमीसारखी आखली. दुसऱ्या शनिवारीही. तिसऱ्या शनिवारी लिंडा पाहायला आली तर तिथे एक घडीचं टेबल, टेबलावर मधाची एक बाटली आणि टेबलामागे नारिंगी जाकिटातले काका.

"वॉल्टर?" लिंडाने विचारलं.

"कमिंग," काका म्हणाले. "गोइंग टॉयलेट."

नियमाप्रमाणे जागेवर माल मांडलेला आणि माणूस उभा असेल तर जागा चालू धरायची. लिंडाने बाटलीकडे बघितलं, काकांकडे बघितलं आणि पुढे गेली. पुढच्या शनिवारी पुन्हा तेच. वॉल्टर तासन् तास टॉयलेटमध्ये.

सुमेधा घरी येऊन भडकली. "तो म्हातारा माझ्या जागेत उभा राहतो! रोज माझ्या हातचं थालीपीठ खातो आणि माझ्याच जागेत उभा राहतो! आणि तू? तू काय करतोस?"

"मी बोलतो त्यांच्याशी."

"तू बोलणार?" ती म्हणाली. तिचं बरोबर होतं. मी न बोलण्यात पटाईत आहे. माझ्या वडिलांच्या शेवटच्या आजारात मी दर रविवारी फोनवर "तिकीट बघतोय" एवढंच म्हणत राहिलो, आणि ते बिचारे "बघ बघ, सावकाश बघ" म्हणत राहिले. हे मी सुमेधालाही नीट सांगितलेलं नाही.

तरी मी गेलो. काका दारातच भेटले. जाकीट घातलेलं. "बरं झालं आलात, शेठ. जरा सोडता का मला? एक स्थळपाहणी आहे."

म्हटलं, गाडीत बोलू. त्यांनी मला हायवेजवळच्या एका रिहॅब सेंटरला नेलं. "मागच्या वेळी चालत आलो," ते वाटेत म्हणाले. "फुटपाथच नाही हो. फुटपाथ नाही तिथं अतिक्रमण तरी कसं होणार?" रिसेप्शनवरच्या मुलीने काकांना हात केला, "हाय, इन्स्पेक्टर!"

वॉल्टर पलंगावर टेकून बसला होता. उजवी बाजू गेलेली, वाचा गेलेली. काकांनी खुर्ची ओढली आणि थेट अहवाल द्यायला सुरुवात केली. "वॉल्टरशेठ, टोमॅटो मॅन, वन फूट आउट. आय टेल, आत घ्या. ही गो इन. चीज लेडी, टेंट नो वेट. आय टेल. युवर प्लेस, नोबडी. आय स्टँडिंग."

वॉल्टरच्या चेहऱ्याची डावी बाजू ऐकत होती. मग त्याने डावा हात सावकाश उचलला आणि समोरच्या ट्रेवरचा पाण्याचा पेला ढकलत ढकलत अगदी काठाशी आणला. थोडा काठाबाहेर.

"आत घ्या!" काका ओरडले आणि पेला मागे घेतला.

वॉल्टरने तो पुन्हा पुढे ढकलला.

मी दारातच उभा राहिलो. नर्स आली, हसली आणि निघून गेली. तिला हे नवीन नसावं.

परतताना काकांनीच विषय काढला. "ताईंच्या जागेचं बोलायला आला होता ना, शेठ?"

"हो."

"नियमानं जागा त्यांचीच. नियम मला पाठ आहे." त्यांनी तोंड खिडकीकडे वळवलं. "आमच्याकडं लोक टोपली ठेवून जागा धरायचे. एक रिकामी टोपली, नाहीतर पोत्यावर दगड. माणूस दवाखान्यात, नाहीतर गावाकडं कुणी गेलेलं. मी टोपल्या उचलायचो. कुणाची, कुठं गेलाय, विचारलं नाही कधी. विचारायचं नसतंच. विचारलं की उचलता येत नाही."

सिग्नलला गाडी थांबली.

"ही गेली," ते म्हणाले, "तेव्हा पाहुणे गेल्यावर तिच्या बसायच्या जागेत मी फ्रीज सरकवला. स्वयंपाकघरात जागा मोकळी पडली होती ना."

घरी सुमेधाने विचारलं, "बोललास?" मी म्हणालो, "नाही." ती आत निघून गेली. रात्रभर मी ते गिळून बसलो, पण सकाळी चहाच्या वेळी मला राहवलं नाही आणि मी सगळं सांगितलं. पेला, टोपली, फ्रीज. सुमेधा ऐकत होती आणि कपाची दांडी फिरवत होती. "हे काल रात्री सांगायला काय झालं होतं तुला?" एवढंच म्हणाली.

शनिवारी ती एकटीच काकांसमोर जाऊन उभी राहिली.

"काका, तुमचा वॉल्टर कधी येणार?"

"पुढच्या शनिवारी, ताई."

"तुमचा पुढचा शनिवार संपतच नाही. माझा हंगाम संपतोय."

काका खाली बघायला लागले.  सुमेधा टेबलाकडे बघत होती. मग तिने मधाची बाटली उचलली आणि टेबलाच्या कोपऱ्यात सरकवली. "एवढा कोपरा वॉल्टरचा. बाकीचं माझं. चालेल?"

काकांनी एकदा कोपरा आणि एकदा टेबल नजरेने मोजलं. "अजून चार बोटं त्याला द्या," ते म्हणाले.

दोघांनी मिळून जागा घेतली तर चालते असं लिंडानेच शोधून काढलं; मूळ मालकाची संमती हवी. वॉल्टरने डाव्या हाताने सही केली. हेल्थ खात्याची तरुण इन्स्पेक्टर आली, थर्मामीटर लावून गेली, जाताना थालीपीठ घेऊन गेली. काका तिच्याकडे खिन्नपणे बघत म्हणाले, "आवाज बसणार पोरीचा."

हंगाम चांगला गेला. ऑक्टोबरच्या शेवटी काकांची मुदत संपली. ते गेले आणि डिसेंबरात अभिजितची बदली डॅलसला झाली. शेजारी आता एक कोरियन कुटुंब आहे. त्यांचे कचऱ्याचे डबे कुठेही असतात. काकांच्या गुडघ्यांनी आणि डॉक्टरांनी लांबच्या विमानप्रवासाला नकार दिला. ते आपल्या गावी एकटेच राहतात.

जानेवारीत वॉल्टर गेला. लिंडाचा फोन आला होता.

काका दर पंधरवड्याला व्हॉट्सॲपवर फोन करत. पाच मिनिटं इकडचं तिकडचं आणि मग सहज विचारल्यासारखं, "वॉल्टरशेठ काय म्हणतात?" पहिल्यांदा मी म्हणालो, "बरे आहेत." दुसऱ्यांदा, "थंडी आहे ना, कोण बाहेर पडतंय." मग ते सोपंच होत गेलं. सुमेधा समोर बसलेली असायची. ती माझ्याकडे बघायची आणि मी भिंतीकडे. एकटा माणूस, रिकामं घर, आणि मी साता समुद्रापलीकडून हे कसं सांगू, असं मी स्वतःला समजावत होतो. खरं म्हणजे मला सांगताच येत नव्हतं. मला नेहमी वाटतं, न सांगितलेली गोष्ट अजून घडायची आहे.

मे महिन्यात बाजार पुन्हा सुरू झाला. पहिल्या शनिवारी सकाळी सुमेधा तवा तापवत होती आणि काकांचा व्हिडिओ कॉल आला. त्यांच्याकडे संध्याकाळचं ऊन होतं. खिडकीजवळच्या खुर्चीत बसलेले, थोडे वाळलेले.

"दाखवा, शेठ, दाखवा बाजार."

मी फोन फिरवला. टोमॅटोवाला, चीजवाली, लिंडा. काका प्रत्येकाला काहीतरी सुनावत होते. सुमेधाचं टेबल दाखवलं. टेबलाचा एक कोपरा तिने त्याही दिवशी रिकामा सोडला होता. मी विचारलं नव्हतं, तिने सांगितलं नव्हतं.

"मध कुठाय?" काकांनी विचारलं.

"यायचाय अजून वॉल्टर," मी म्हणालो. "ट्रॅफिक असेल. आता त्याची पुतणी आणते त्याला, तिला उशीर होतो कधी कधी."

काकांचं चित्र हलेना. मला वाटलं रेंज गेली. मी फोन कानाजवळ धरला, पुन्हा समोर धरला. ते होते. माझ्याकडेच बघत होते.

"शेठ," ते म्हणाले, "दुसऱ्याची जागा धरणारा माणूस कसा बोलतो, ते मला ठाऊक आहे."

तव्यावर थालीपीठ चर्रर्र करत होतं. सुमेधाने गॅस बारीक केला.

"कधी गेला?"

"जानेवारीत," मी म्हणालो.

"त्रास झाला का फार?"

"नाही. झोपेतच, म्हणाली लिंडा."

त्यांनी मान हलवली. चष्मा काढून मांडीवर ठेवला. मला माफी मागायची होती, नुसती त्यांचीच नाही, आणि मी शब्द जुळवत होतो तेवढ्यात तेच म्हणाले, "ताईंना सांगा, पूर्ण टेबल मांडा. जागा रिकामी ठेवायची नाही. नियमात बसत नाही ते."

"बरं," मी म्हणालो.

"आणि फोन एवढ्यात बंद करू नका, शेठ. घाई नसेल तर. मला जरा बाजार बघू द्या."

सुमेधाने माझ्या हातातून फोन घेतला, पिठाच्या डब्याला टेकवून त्या कोपऱ्यात उभा केला आणि त्याचं तोंड रस्त्याकडे वळवलं. गिऱ्हाइकं येत राहिली. एका बाईने वाकून विचारलं, "हू इज धिस?" सुमेधा म्हणाली, "ही सिट्स हिअर."

काका नुसते बघत होते. मी मधून मधून स्क्रीनवर नजर टाकत होतो. आमच्याकडे ऊन चढत गेलं आणि त्यांच्याकडे खोलीत हळूहळू अंधार होत गेला. दिवा लावायला ते उठले नाहीत. शेवटी काचेवर माझंच तोंड दिसायला लागलं, पण आत कुणीतरी खुर्ची सरकवल्याचा, खाकरल्याचा आवाज येत होता, म्हणून बाजार उठेपर्यंत आम्ही तो फोन तिथून हलवला नाही.